मरणाची लाकडं

“एकच लाकूड द्या, काका. जास्ती मागूक येवक नाय मी.”

परशुराम घरापुढच्या खळ्यात उभा राहून बोलत होता. डोक्यावर गोणपाटाची खोळ होती, पण श्रावणातल्या त्या झोडीपुढे गोणपाट काय करणार? पाणी त्याच्या कपाळावरून नाकावर आणि नाकावरून ओठांवर येत होतं, आणि ते पुसायचंही भान त्याला नव्हतं. माझे सासरे, आबा, पडवीतल्या बाकावर बसले होते. परशुराम त्यांचा सख्खा पुतण्या. तरी तो पायरी चढला नाही आणि आबांनी त्याला चढ म्हटलं नाही.

“बाबा पहाटेक गेले,” तो म्हणाला.

“आयकलंय,” आबा म्हणाले. “रडणा हयसर येता.”

मी आणि सासूबाई माजघराच्या दाराआड उभ्या होतो. आईंनी माझं मनगट धरलं होतं, आणि इतकं घट्ट की बांगडी रुतत होती. बाहेर ज्या लाकडांवरून बोलणं चाललं होतं ती लाकडं जागेवर नाहीत, हे आमच्या घरात दोघींनाच माहीत होतं. आईंना आणि मला.

मी गडहिंग्लजची. घाटावरच्या पोरीला लाकूड म्हणजे पेटणारी वस्तू, एवढंच ठाऊक. लग्न होऊन मालवणी मुलखात आले, नवरा विलास हळद उतरायच्या आत मुंबईला नोकरीवर पळाला, आणि आषाढ लागला तशी मी चुलीपुढे बसून रडायला लागले. माहेरच्या आठवणीने नव्हे, धुराने. लाकूड चुलीत घातलं की त्याच्या टोकातून फेस यायचा, सूं सूं आवाज व्हायचा, फुंकून फुंकून छाती दुखायची आणि भाताला आधण यायचं नाव नसायचं.

गंमत अशी की लाकूड वाळवावं तर आबांनीच. सगळी वाडी त्यांना विचारायला यायची. झाड पाडायचं ते पौषात, अंधाऱ्या पंधरवड्यात, म्हणजे त्याला भुंगा लागत नाही. ओलं आहे तोवरच फोडून घ्यायचं, साल काढायची, जांभ्या दगडांवर एक थर उभा, एक थर आडवा असं रचायचं, वारा आरपार गेला पाहिजे. दोन लाकडं एकमेकांवर आपटली की टण्ण वाजली पाहिजेत. थप्प वाजलं तर अजून एक उन्हाळा. आबा हे सगळं जीव ओतून करायचे, पण चुलीसाठी नाही. चुलीला मिळायच्या राहिलेल्या ओल्या फांद्या. “चुलीक काय, पेटला म्हणजे झाला,” असं म्हणायचे. सुकी, सोललेली, खणखणीत आंब्याची लाकडं होती ती त्यांच्या स्वतःच्या मरणाची.

घाटावरच्या माणसाला हे ऐकून हसू येईल, मलाही आलं होतं. पण तिकडे म्हाताऱ्या माणसांना मरणाची भीती नसते, श्रावणात मरायची असते. आबांचे वडील असेच भर पावसात गेले. ओल्या लाकडांवर देह दिवसभर नुसता धुमसत राहिला, घासलेट संपलं, शेवटी कुणीतरी टायर आणून टाकले. तेव्हा आबा आणि त्यांचा धाकटा भाऊ धोंडू, दोघेही तिथे शेवटपर्यंत उभे होते. त्यानंतर आबांनी आपल्या लाकडांसाठी खोप बांधली. ऐनाचे खांब, किंजळीचे वासे, वर गोल कौलांचे नळे, दोन्ही बाजूंना माडाची झापं. पुढून लाकडांची रास दिसायची आणि मागची बाजू हवा खेळायला मोकळी.

खोप बांधली ती नेमकी दोन घरांच्या मधल्या पट्टीत. ही पट्टी कुणाची यावर दोघा भावांचं कोर्टात चालू होतं. “तुझो सासरो शाणो,” आईंनी मला एकदा सांगितलं होतं. “दगडांचो गडगो घातलो असतो तर धोंडून लाथेन पाडलो असतो. मरणाच्या लाकडांक कोण हात लावतलो?” खरंच कुणी लावला नाही. तारखा पडत गेल्या, वर्षं गेली, खोप तिथेच राहिली. दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. आबांनी तर त्या घराकडे बघणारही नाही अशी शपथच घेतली होती. त्यामुळे ते रोज सकाळी खोपीपाशी जायचे ते पुढच्याच बाजूला. काठीने दोनचार लाकडं ठोकायची, टण्ण आवाज ऐकायचा आणि खूश होऊन परत यायचं.

आणि आई मागच्या बाजूने जायच्या.

मला खोकून खोकून उलटी झाली त्या दिवशी त्या म्हणाल्या, “चल गो शालन, तुका एक दाखवतंय.” पाटी घेऊन आम्ही खोपीला वळसा घातला. मागे पाहिलं तर आत घर करून राहता येईल एवढी मोकळी जागा! पुढचा एकच थर जसाच्या तसा उभा होता आणि तो पडू नये म्हणून आतून आईंनी दगड नि ओंडके लावून त्याला टेकण दिलं होतं. मागची जवळजवळ सगळी रास चुलीत गेली होती. उरलेल्यातली चार लाकडं त्यांनी पाटीत टाकली, वर शेण्या रचल्या. त्या दिवशी भात कधी शिजला मला कळलंसुद्धा नाही.

“आबांना कळलं तर?” मी विचारलं.

“कळतला कशा? मागे येवची नाय अशी शपथ हा मा?” त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले. त्यांचे डोळे कायम लाल, कायम पाझरणारे. सुईत दोरा मीच ओवून द्यायची.

खोपीची मागची बाजू धोंडूकाकांच्या पडवीसमोर होती. आम्ही पाटी घेऊन आलो की ते पडवीतून उठायचे आणि आत निघून जायचे. दर वेळी. आईंना ते फार लागायचं. “बघ, माझा तोंडसुद्धा बघूक नको त्येका,” त्या पुटपुटायच्या. मलाही त्या माणसाचा राग यायचा. एवढा कसला माज, असं वाटायचं.

तर असे ते धोंडूकाका त्या पहाटे गेले होते. वळवाने त्या साली मे महिनाभर झोडपलं होतं, वाडीत कुणाचीच लाकडं धड वाळली नव्हती, आणि परशुराम आमच्या खळ्यात उभा होता.

“वाडीत प्रत्येक घर लाकूड देतला,” आबा म्हणाले. “तशी रीतच हा. माझा घर त्याच्यात धरू नको.”

“आये म्हणता, पयला लाकूड भावाच्या घरचा पडाक व्हया. एक द्या. बाकीचा आम्ही बघतंव.”

“भाऊ? खयचो भाऊ? कोर्टात माझ्या नावाच्या फुडे ‘सामनेवाला’ लिवता तो?”

माझ्या मनगटावरची पकड जरा सैल झाली. खोटं कशाला सांगू, आबा नाही म्हणताहेत हे ऐकून मला सुटल्यासारखं झालं. लोक बोलतील, चार दिवस नाव ठेवतील, पण खोपीला हात लागणार नाही. आता हा पोरगा मान खाली घालून जाईल आणि सगळं निभावेल, असं मनात म्हणतेय तोवर आईंनी माझं मनगट सोडलं आणि त्या सरळ पडवीत गेल्या.

“एक देवक काय जाता तुमचा?” त्या म्हणाल्या.

आबांनी चमकून वर पाहिलं. आई चारचौघांत त्यांच्यापुढे बोलत नसत.

“तू आत जा.”

“जातंय. पण एक लाकूड द्या. एका मायच्या पोटचो तो. तुमच्या लग्नात तुमचो हात धरून मंडपात तोच घेवन इल्लो. एकान तुमची रास कमी जावची नाय.”

त्या ‘एकान’वर त्यांनी दिलेला जोर फक्त मला कळला. पुढच्या थरातलं वरचं एक लाकूड निघालं असतं तर काही पडणार नव्हतं. कर्तव्यही झालं असतं आणि झाकलेलं झाकलेलंच राहिलं असतं. बाई हुशार होती. पण नुसती हुशारी नव्हती ती. दिरासाठी त्यांना खरंच रडू येत होतं.

बाहेर आणखी माणसं जमायला लागली होती. बाबल मेस्त्री कुऱ्हाड घेऊन आला, त्याच्यामागे वाडीतले चारपाच जण आले. मग परशुरामच म्हणाला, “बाबांनी त्या खोपीक कधी हात लावूक नाय, काका. लोक सांगीत, पाड, जागो तुझो. बाबा म्हणत, भावाच्या मरणाची लाकडां ती, माका पाप लागात. आजोबांचा काय झाला ता दोघांनी बघलेला.”

हे ऐकल्यावर आबांचा चेहरा कसा झाला ते मला अजून दिसतं. त्यांनी दोनदा घसा खाकरला, काठी हातात घेतली, पुन्हा ठेवली. मग उठले आणि खळ्यात, पावसात उतरले.

“एक कित्याक?” ते ओरडले. “एक कित्याक रे? सगळी न्हेवा! माझो भाऊ वल्या लाकडांवर जावचो नाय. बाबल, घे रे सगळी!”

सगळी म्हणजे पुढचा थर तेवढा.

आईंकडे बघवेना. तोंडाला पदर लावून त्या खांबाला टेकल्या. बाहेर माणसांना हुरूप आला होता. इतक्या वर्षांचं वैर मिटतंय आणि आपण ते बघतोय, याचं समाधान भर दुःखातही त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आबा तर सगळ्यांच्या पुढे, काठी न घेता, तरातरा खोपीकडे निघाले होते.

मी धावले. काय करणार होते ते माझं मलाही माहीत नव्हतं. पायाखाली शेवाळ, अंगावर पाऊस, डोक्यावरचा पदर कुठे गेला पत्ता नाही.

“आबा, थांबा! मी काढून देते एकेक. तुम्ही भिजू नका.”

“तू बाजूक हो गो.”

“अहो पण आत साप असेल. परवा मी बघितला मागे!”

“मागे?” आबा थबकले. “मागे तू कित्याक गेल्लंस?”

झालं! जीभ चावली मी. बाबल मेस्त्री म्हणाला, “साप आसलो तर आमका बघून पळात. तू घरात जा, बाय.” परशुराम मात्र माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होता. तो पुढे झाला आणि आबांचा हात धरून म्हणाला, “काका, ऐका माझा. एकच द्या. वरचा. सगळ्यांची गरज नाय. खरा सांगतंय.”

“गप रव तू! माझो भाऊ तो!”

आबांनी दोन्ही हातांनी मधलं एक जाडजूड लाकूड धरलं आणि सगळा जोर लावून ओढलं.

आधी आतला एक दगड घरंगळल्याचा आवाज आला. मग पुढचा थर वरून खाली असा सरळ बसला आणि लाकडं टणटणत आबांच्या पायांशी येऊन पडली. काय सुरेख वाजली ती. त्यांच्या मागे काहीच नव्हतं. खोपीतून आरपार धोंडूकाकांची पडवी दिसत होती, तिथे घोंगडीवर ठेवलेला त्यांचा देह दिसत होता आणि त्याच्याशी बसलेली त्यांची बायको आमच्याकडे बघत होती.

कौलांवरच्या पावसाचा आवाज तेवढा चालू होता.

“कोणी?” आबा म्हणाले. आवाज अगदी लहान. मग एकदम ओरडले, “कोणी न्हेली माझी लाकडां? परशा, तुम्ही काय रे?”

“त्यांका बोला नको,” मागून आई म्हणाल्या.

त्या पावसातून चालत आल्या होत्या. मी पुढे होऊन त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी झटकला.

“मी जाळलंय. तुमच्याच भाताखाली.”

वाडीतली माणसं माना खाली घालून उभी. बाबलने कुऱ्हाड उगीच या हातातून त्या हातात घेतली.

“तुमका ताप इल्लो त्या पावसात,” आई म्हणाल्या, “पेज करूक बसलंय तर चूल पेटना. तुम्ही कुडकुडतास, आणि चूल पेटना. तेवा पयली दोन काढलंय. तुम्ही बरे झालास. मगे माझ्या डोळ्यांसाठी काढलंय. मगे काढीतच रवलंय. आता काय ता बोला. मारूचा आसला तर मारा.”

आबांनी हात उचलला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो हात तसाच वर होता आणि परशुराम त्यांच्या आणि आईंच्या मध्ये उभा होता.

“आमका म्हायत होता, काका,” तो म्हणाला.

“काय?”

“काकी लाकडां न्हेता ता. कितीतरी वर्सां म्हायत होता. आमच्या पडवीतसून सगळा दिसता. म्हणानच एक मागी होतंय. मी एकदा म्हटलंय, वाडीत सांगूया, काकांची जिरात. तर बाबांनी माझ्या थोबाडीत मारल्यानी. म्हणाले, वयनीच्या डोळ्यांत धूर जाता, घेव दे तिका. ती इली की ते उठान आत येयत. तिका लाज वाटाक नको म्हणान.”

आई मटकन खाली बसल्या, तिथेच चिखलात. इतका वेळ स्वतःला आवरून धरलेली बाई हमसाहमशी रडायला लागली. “आणि मी त्येका शिव्या घाली होतंय गो,” एवढंच त्या मला पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. मीही रडत होते. माझ्या मनातल्या शिव्या तर कुणी ऐकल्यासुद्धा नव्हत्या.

आबांचा हात केव्हा खाली आला ते कळलं नाही. ते खोपीतून पलीकडे बघत होते. त्या घराकडे बघायचं नाही ही शपथ मोडली होती आणि त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं. मग त्यांनी बाबलच्या हातातून कुऱ्हाड घेतली. माणसं दचकली, दोघे पुढे धावले. पण आबांनी कुऱ्हाड घातली ती खोपीच्या कोपऱ्यातल्या खांबावर.

“नळे उतरवा,” ते धापा टाकत म्हणाले. “वासे काढा. खांब काढा. ह्याच्याहून सुका लाकूड गावात खय मिळाचा नाय.”

“आबा, खोप गेली तर जागो...” बाबल चाचरत म्हणाला.

“जागो घाल खड्ड्यात!”

मग सगळेच भिडले. नळे हातोहात खाली आले. इतकी वर्षं छपराखाली वाळलेला ऐन कुऱ्हाडीखाली असा वाजत होता की त्याचा आवाज पार नदीपर्यंत गेला असेल. दुपारपर्यंत दोन घरांच्या मध्ये काहीही उरलं नाही. माणसांनी वासे, खांब आणि पुढच्या थरातली लाकडं खांद्यावर घेतली, वर झापं धरली आणि आबा तिरडीला खांदा देऊन गेले. आई उठल्या आणि त्या मोकळ्या पट्टीवरून चालत जाऊन आपल्या जावेशेजारी बसल्या.

धोंडूकाका छान जळाले, असं बाबलने संध्याकाळी सांगितलं. हे ऐकून बरं वाटावं असे ते दिवस होते.

पण आबा आईंशी बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, त्या रात्री नाही. बोलणार नाहीत हेच खरं, असं मी धरून चालले होते. पट्टीचं वैर इतकी वर्षं चालवणारा माणूस, हे काय सोडणार? रात्रभर मला झोप नव्हती. आईंना माहेरी पाठवतील का, विलासला तार करावी का, हेच डोक्यात. शेजारी आईही जाग्या होत्या. दोघी एकमेकींना झोपलेलं दाखवत पडून राहिलो.

सकाळी डोळा लागला असेल थोडा, आणि धुराच्या वासाने मी उठले. स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. घरात एकही सुकं लाकूड नव्हतं, राहिलेल्या त्या ओल्या फांद्याच. चुलीपुढे आबा उकिडवे बसले होते. जन्मात ते कधी तिथे बसले नव्हते, फुंकणी कुठल्या बाजूने धरायची हेही त्यांना माहीत नसावं. गाल फुगवून ते फुंकत होते, खोकत होते आणि पुन्हा फुंकत होते. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. चुलीवर चहाचं भांडं थंडगार होतं.

आई माझ्या मागून आल्या, दारातच थांबल्या. मग घाईने पुढे झाल्या आणि फुंकणीला हात घातला.

“उठा बघू. डोळे जातले तुमचे.”

आबांनी फुंकणी सोडली नाही. त्यांनी आईंकडे पाहिलंही नाही.

“जाव देत,” ते म्हणाले. “थोडे माझे पण जाव देत.”